पाव सेकंदाच्या अलीकडे



निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'प्रतिक्रियाकाळ : मापन आणि सुधारणा' असा छापला आहे. विषय मीच दिला होता, त्यामुळे त्याबद्दल कुरकुर करायला मला जागा नाही. पण पत्रिका वाटल्यावर दोन-तीन पालकांचे फोन आले. मुलगा क्रिकेट खेळतो, मुलगी बॅडमिंटन खेळते. मोबाइलवर रंग बदलला की बोट टेकवायचं अशी एक चाचणी असते, तिच्यात त्यांचा आकडा २७० मिलिसेकंद येतो. तो २०० वर कसा आणायचा, हा प्रश्न. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर उठायचं आहे त्यांची सोय होईल. तो आकडा एका मर्यादेखाली येत नाही, आणि थोडाफार आला तरी मैदानावर त्याचा उपयोग बेताचाच. मात्र त्याच मुलाला चेंडूवर लवकर पोचायला नक्की शिकवता येतं. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. तशी ती का नाहीत, एवढंच आज सांगायचं आहे.

सुरुवात मैदानावर नाही, वेधशाळेत झाली. ग्रीनिचला नेव्हिल मॅस्केलाइन हे शाही खगोलशास्त्रज्ञ होते आणि डेव्हिड किनेब्रुक त्यांचा साहाय्यक. तारा दुर्बिणीतल्या उभ्या तारेवरून कधी सरकतो त्याची वेळ नोंदवायची, हे काम. पद्धत अशी, की कानानं घड्याळाचे ठोके मोजत राहायचं, डोळ्यानं तारा बघायचा आणि दोन ठोक्यांच्या मधे तो तारेला कधी भिडला याचा अंदाज सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत करायचा. १७९५ च्या सुमारास मॅस्केलाइन यांच्या लक्षात आलं की साहाय्यकाच्या नोंदी आपल्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं मागे आहेत. समज दिली. फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढून सेकंदाच्या आठ दशांशांवर गेला, आणि १७९६ च्या सुरुवातीला किनेब्रुकची नोकरी गेली.

पुढे वीस-पंचवीस वर्षांनी क्योनिग्सबर्गच्या बेसेल यांना या प्रकरणात वेगळंच काही दिसलं. साहाय्यक कामचुकार नसेल आणि तरीही फरक पडत असेल तर? त्यांनी स्वतःची निरीक्षणं इतर नामांकित खगोलशास्त्रज्ञांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली, तर काहींच्या बाबतीत फरक एक सेकंदाहून जास्त निघाला. सगळेच निष्णात, आणि तरी प्रत्येकाचं घड्याळ निराळं. किनेब्रुकला याचा काही उपयोग झाला नाही; तो १८०२ मध्येच वारला होता. काटेकोर बोलायचं तर त्याची चूक निव्वळ प्रतिक्रियेच्या विलंबाची नव्हती, कानावर आणि डोळ्यावर एकाच वेळी लक्ष ठेवण्यातली होती. पण माणसामाणसांत असा फरक असतो आणि तो मोजता येतो, हे तिथून रुजलं.

मोजायचं म्हणजे काय मोजायचं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मज्जातंतूतून संदेश जायला वेळ लागतो हेच पुष्कळांना मान्य नव्हतं. लागत असेल तर तो इतका अल्प असेल की कधीच मोजता येणार नाही, असं मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ म्हणत. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याची नस घेतली. नसेला एकदा स्नायूजवळ विजेचा झटका दिला, एकदा लांबून दिला आणि स्नायू आखडायला लागणाऱ्या वेळेतला फरक मोजला. वेग निघाला सेकंदाला तीसेक मीटरच्या आतबाहेर. ध्वनी हवेतून सेकंदाला ३४० मीटर जातो. म्हणजे ज्याला लोक विजेसारखं समजत होते ते आवाजाच्या दहाव्या हिश्शानं चालत होतं. माणसाच्या जाड नसांमधला वेग बेडकापेक्षा जास्त असतो, पण वीज ती नव्हेच.

नंतर युट्रेख्टचे दोंडर्स यांनी १८६८ मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला. ठरवायला किती वेळ लागतो? त्यांची युक्ती एखाद्या किराणा दुकानदारालाही सुचावी इतकी सरळ होती : वजाबाकी. कुठल्या पायाला झटका बसणार हे आधीच सांगून ठेवायचं आणि त्या बाजूच्या हातानं उत्तर घ्यायचं. ही एक वेळ. मग कुठल्या पायाला बसेल ते न सांगता, ज्या पायाला बसेल त्या बाजूच्या हातानं उत्तर घ्यायचं, ही दुसरी. दुसरीतून पहिली वजा केली, तर उरला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग. डावा की उजवा, एवढं ठरवण्याची ही किंमत. मनाच्या एका हालचालीवर असा आकडा लावला गेला हे मला आजही थरारक वाटतं. पुढच्या संशोधकांनी या वजाबाकीवर आक्षेप घेतले, ते रास्तही होते. पण साधी प्रतिक्रिया वेगळी आणि निवड करून दिलेली प्रतिक्रिया वेगळी, हा भेद टिकला.

आता हातात पट्टी घेऊ. शाळेची, ३० सेंटिमीटरची. पुढच्या रांगेतला हा मुलगा येतोय, त्याला येऊ द्या. कोपर टेबलावर टेकव, हात कडेच्या बाहेर. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन बोटांचं अंतर ठेव. पट्टीचा शून्य आकडा बरोबर बोटांच्या वरच्या कडेला. मी केव्हा सोडणार ते सांगणार नाही. माझ्या हाताकडे नको, पट्टीच्या खालच्या टोकाकडे बघ.

एकोणीस. हा पहिला प्रयत्न सोडून द्यायचा, तो नेहमीच बिचकतो. पुन्हा. सतरा. पुन्हा. आठ! टाळ्या नकोत, ह्यानं पकडली नाही, ह्यानं ताडली. मी प्रत्येक वेळी सारखंच थांबतोय हे त्याच्या लक्षात आलं. चूक माझ्या हाताची.

पट्टी पडते ती गुरुत्वाकर्षणानं, त्यामुळे किती सेंटिमीटर पडली यावरून वेळ काढता येते. १० सेंटिमीटर म्हणजे साधारण १४३ मिलिसेकंद, १५ म्हणजे १७५, २० म्हणजे २०२, २५ म्हणजे २२६, आणि पूर्ण ३० म्हणजे २४७. पट्टी हातातून निसटली तर पाव सेकंद गेला असं धरा. आठ सेंटिमीटरचे होतात १२८. आणि पडणारी वस्तू डोळ्यांनी बघून इतक्या लवकर हात मिटत नाही. घरी करून बघाल तर सोडण्यापूर्वीचा थांबा दर वेळी बदला, दहा-बारा वेळा करा आणि आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला घ्या. सगळ्यात चांगला आकडा घ्यायचा मोह आवरा. तो बहुतेक वेळा नशिबाचा असतो.

मोबाइलच्या चाचणीत आणखी एक गोम आहे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र दाखवतो, म्हणजे एकेका चित्रात जवळपास १७ मिलिसेकंद जातात. शिवाय बोट टेकल्यावर ते यंत्राला कळायला काही वेळ लागतो तो वेगळाच. त्यामुळे तुमचे २७० आणि शेजाऱ्याच्या मुलाचे २४० यांतला फरक फोनच्या किमतीचाही असू शकतो. तुलना करायचीच तर त्याच फोनवर, त्याच माणसाची करावी. आणि पहिल्या आठवड्यात आकडा खाली येतो म्हणून हरखून जाऊ नये. मुलगा चपळ झालेला नसतो, त्याला चाचणी सरावाची झालेली असते.

हा वेळ जातो कुठे? दोन मीटर उंचीचा माणूस धरला तरी मेंदूपासून बोटापर्यंतचा प्रवास पंचवीस-तीस मिलिसेकंदांत उरकतो. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचं विजेत रूपांतर व्हायला बऱ्यापैकी वेळ लागतो. कानाला तेच काम फार लवकर जमतं. म्हणूनच आवाजाला माणूस दीडशे-एकशेसाठ मिलिसेकंदांत उत्तर देतो आणि प्रकाशाला एकशेऐंशी ते दोनशेत. बाकीचा वेळ मेंदूचा. यातला कुठला टप्पा दंड-बैठका काढून कमी होणार? नसांचा वेग वाढवण्याचा व्यायाम अस्तित्वात नाही. विशी-पंचविशीत हा आकडा सगळ्यात चांगला असतो, मग हळूहळू चढत जातो.

मग सचिन तेंडुलकर, सुनील गावसकर ही माणसं काय वेगळ्या नसा घेऊन जन्माला आली होती? ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातातून सुटून बॅटपर्यंत यायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. या अर्ध्या सेकंदाचा छडा लावण्यासाठी पीटर मॅक्लाउड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं एक खोडसाळ प्रयोग केला, तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळपट्टीवर मॅटिंग अंथरलं आणि त्याच्या खाली लाकडी पट्ट्या दडवल्या. चेंडू टप्पा पडल्यावर कधी आत वळे, कधी बाहेर, कधी सरळ येई. फलंदाजाला आधी कळायचा काही मार्गच नाही. समोर उभे केले होते आंतरराष्ट्रीय दर्जाचे फलंदाज. वेगवान चित्रफितीत काय दिसलं? टप्प्यानंतर सुमारे २०० मिलिसेकंद उलटेपर्यंत कुणाचीही बॅट दिशा बदलत नव्हती. तुमचीआमची पट्टी जेवढ्यात पडते तेवढाच वेळ. नसा सगळ्यांच्या सारख्याच होत्या.

मग २००० मध्ये याच मॅक्लाउडनी मायकेल लँड यांच्याबरोबर फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरा बसवला. 'चेंडूवर नजर ठेव' असं प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. फलंदाज तसं करतच नाहीत. चेंडू सुटताना ते बघतात, मग त्यांची नजर चेंडूला सोडून पुढे उडी मारते, जिथे टप्पा पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, आणि चेंडू तिथे येतो. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते, कच्च्याची उशिरा. खेळातला फरक इथे आहे. पहिल्या पाव सेकंदात, किंबहुना त्याच्याही अलीकडे, गोलंदाजाच्या मनगटात आणि खांद्यात.

आपल्या मुंबईच्या एकनाथ सोलकरांचं उदाहरण मला यापेक्षाही जवळचं आहे. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट नसताना, बॅटपासून दोन-तीन पावलांवर ते उभे राहायचे. २७ कसोटींत ५३ झेल. हिशोब करा. तीन मीटरवर उभा माणूस. चेंडू बॅटवरून सेकंदाला दहा मीटरनं जरी आला तरी हातात ३०० मिलिसेकंद. त्यातले दोनशे 'काहीतरी झालं' हे कळून अंग हलायला जातात. उरलेल्या शंभरात हात कितीसा सरकणार? १९७१ च्या ओव्हल कसोटीत अ‍ॅलन नॉट यांचा व्यंकटराघवन यांच्या चेंडूवर घेतलेला तो झेल आठवा. त्या डावात चंद्रशेखर यांचे सहा बळी गेल्या पिढीला तोंडपाठ असायचे, पण छायाचित्र घरोघरी पोचलं ते जमिनीला समांतर झेपावलेल्या सोलकरांचं. ही झेप चेंडू उडाल्यावर सुरू झाली असं मानायला माझं शरीरशास्त्र तयार नाही. तिची तयारी बॅट पुढे येताना झाली असणार.

धावण्याच्या शर्यतीत मात्र निव्वळ प्रतिक्रिया मोजतात, आणि तिथेच तिचं खरं मोल कळतं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० मीटर अंतिम शर्यतीत उसेन बोल्टचा प्रतिक्रियाकाळ होता ०.१६५ सेकंद, आठ जणांत तो मागून दुसरा होता. तरीही ९.६९ सेकंदांत, शेवटी छाती ठोकत, जिंकला. पुढच्या वर्षी बर्लिनला ९.५८ चा विक्रम झाला तेव्हाचा आकडा ०.१४६. प्रतिक्रियेतली सगळी सुधारणा १९ मिलिसेकंद. बाकीची नव्वद पायांनी कमावली. आणि अति लवकर निघायलाही बंदी आहे. बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत कुणी निघाला तर त्यानं आवाज ऐकलाच नाही, अंदाजानं सुटला असं नियम मानतो. २०२२ मध्ये अमेरिकेत युजीनला झालेल्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीतून डेव्हन अ‍ॅलन ०.०९९ ला बाद झाला. सेकंदाचा एक हजारावा भाग! त्याला बाहेर काढणं मला अन्यायाचं वाटतं. काही धावपटूंना शंभराच्या किंचित आत खरोखर निघता येत असावं असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि यंत्र किती जोराला 'निघाला' म्हणणार हेही माणसांनीच ठरवलेलं असतं.

आता सरांकडे येतो, ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते. सर खो-खोचे. इथल्या पुष्कळांनी त्यांच्या हाताखाली गुडघे फोडून घेतले आहेत. खो-खोची रचना दोंडर्स यांना दाखवायला हवी होती. आठ गडी पाटीवर, एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले. पाठीमागून 'खो' मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठून एकदा दिशा घेतली की बदलायची नाही. म्हणजे 'खो' ऐकून उठणं ही साधी प्रतिक्रिया, आणि डावीकडे की उजवीकडे ही निवडीची. पळणारा गडी नेमका दुसऱ्या प्रतिक्रियेवर हल्ला करतो. हूल देतो म्हणजे काय करतो? तुम्ही एक उत्तर तयार ठेवलेलं असतं, ते खोटं ठरवतो आणि तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून ठरवायला लावतो. पर्याय वाढले की निर्णयाला वेळ वाढतो, हे १९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हिक यांनी गणितात मांडलं. चांगल्या पळतीच्या खेळाडूला ते पायांत माहीत असतं.

सरांची एक सवय होती. उशिरा उठलेल्या गड्याला ते 'लवकर ऊठ' असं कधी म्हणत नसत. विचारत, "खो मिळायच्या आधी तू कुठं बघत होतास?" पोरगं बहुधा आपल्याच आक्रमकाकडे बघत असायचं. सर बसलेल्या गड्याला पळणाऱ्याच्या कंबरेवर नजर ठेवायला लावत. खांदे फसवतात, डोळे फसवतात, मान तर फारच फसवते. पण ज्या बाजूला जायचं तिकडे कंबर वळवावीच लागते. मग ते तासन् तास एकच गोष्ट करून घेत : खो न देताच, पळणारा कुठे जाणार ते बसल्या जागी बोटानं दाखवायचं. उठायचं नाही, पळायचं नाही, फक्त बोट. बघणाऱ्यांना वाटे, हा कसला सराव, पोरं बसून आहेत. पण निवडीच्या प्रतिक्रियेत सरावानं खरोखर मोठा फरक पडतो, पुष्कळ सरावानंतर पर्याय वाढल्याचा तोटासुद्धा कमी कमी होत जातो, हे प्रयोगशाळांत नंतर सिद्ध झालेलं आहे. सर ते मैदानावर उन्हात करत होते.

म्हणून पालकांना माझं सांगणं, दिव्यावर थाप मारायची महागडी यंत्रं आणण्याआधी मुलाला त्याचाच खेळ बघायला बसवा. सामन्याची चित्रफीत लावा, चेंडू सुटायच्या क्षणी थांबवा आणि विचारा, कुठे पडेल? दिव्यावर थाप मारून मूल दिव्यावर थाप मारण्यात तरबेज होतं. बॅडमिंटनचं फूल दिव्यासारखं येत नाही.

प्रतिक्रिया सुधारणं कठीण. बिघडवणं मात्र फार सोपं, आणि सगळ्यात हमखास उपाय म्हणजे झोप तोडणं. झोपेचे अभ्यासक डिंजिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक कंटाळवाणी चाचणी रूढ केली : दहा मिनिटं पडद्याकडे बघायचं, आकडे दिसले की बटण दाबायचं. झोप अपुरी झालेल्या माणसाची सरासरी थोडीच घसरते. पण मधेच एखादं उत्तर अर्ध्या सेकंदाहून उशिरा येतं, कधी येतच नाही. धोका सरासरीत नाही, या गाळलेल्या जागांत आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. अखेरीस त्यांची अवस्था एक-दोन रात्री सलग जागलेल्यांसारखी झाली, आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला तितकीशी झोप आल्यासारखं वाटत नव्हतं. चहा-कॉफीनं थोडी तरतरी येते, ती खोटी नाही. पण ती उधारीची आहे. परीक्षेच्या किंवा सामन्याच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी एवढं ऐकून घ्यावं.

आणि आपण मोठ्यांनी रस्त्याचं ऐकावं. इथले बरेच जण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जातात. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पट्टी पकडताना आपण सज्ज असतो. रस्त्यावर अचानक समोर काही आलं, तर ते ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सव्वा ते दीड सेकंद सहज जातो. दीड सेकंदात ४२ मीटर, आणि गाडीनं अजून थांबायला सुरुवातही केलेली नसते. हातात फोन असेल तर किती, तो हिशोब मी करत नाही. आता धरून चालू, की कुणी सहा महिने घाम गाळून आपला प्रतिक्रियाकाळ ३० मिलिसेकंदांनी कमी केला. शंभरच्या वेगाला त्यानं मिळवले ८३ सेंटिमीटर, एका गाडीच्या बॉनेटएवढेही नाहीत. पुढच्या गाडीपासून एक सेकंद जास्त मागे राहिलं तर २८ मीटर फुकट मिळतात, वयाच्या पंचाहत्तरीतही मिळतात.

पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात तीन सेकंद मोजायचे. त्याआधी आपण त्या खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. हे सांगितलं की एक तक्रार हमखास येते : एवढं अंतर सोडलं की मधे कुणीतरी घुसतो. घुसतोच. मग पुन्हा मागे व्हायचं, त्यात आपले तीन सेकंद जातात. पुण्याहून निघून मुंबईपर्यंत वीस जण घुसले, तर तुम्ही एक मिनिट उशिरा पोचाल.